ओपन स्पेस कुणाची? मुदखेडसारख्या गावात गल्लीची समिती काय करू शकते

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं शक्यतो तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल, पण तुमच्या घरापासून शंभर पावलांवरचा आहे. नवीन प्लॉटिंगमध्ये तुम्ही प्लॉट घेता. नकाशावर एक हिरवा चौकोन असतो, त्यावर लिहिलेलं असतं 'खुली जागा'. विकणारा सांगतो, इथं बगीचा होणार, पोरं खेळतील. दहा वर्षं तिथं बाभळी वाढतात, गाजरगवत माजतं, नालीचं पाणी साचतं. आणि मग एका सकाळी तिथं पायाचे खड्डे खणलेले दिसतात. कुणी म्हणतं सभागृह होणार, कुणी म्हणतं गाळे काढणार. गल्ली जमते, आरडाओरडा होतो. आठ दिवसांत कॉलमची सळई उभी राहते आणि गल्ली पांगते.

अशा वेळी जायचं कुणाकडे? आणि त्याहून महत्त्वाचं, कधी जायचं? आजच्या भागात एवढंच बोलायचं आहे. गाव म्हणून आपण मुदखेड डोळ्यांसमोर ठेवू. पण तुम्ही भोकरचे असा, औसा-निलंग्याचे असा, हिशेब तोच लागू होतो.

ग्रामसभा मागे राहिली, पुढे काही आलं नाही

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. मुदखेड तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात राहणाऱ्या माणसाला कायद्यानं एक हक्क आहे, ग्रामसभेचा. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सदस्य. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. तिथं उभं राहून सरपंचाला तोंडावर विचारता येतं, गायरानातली ती जागा कुणाला दिली, का दिली. आता ग्रामसभा सगळीकडे नीट होतात का, तर नाही. कोरम नसतो, रजिस्टरवर सह्या घरी फिरवून घेतात, हे आपल्याला माहीत आहे. पण निदान हक्क तरी आहे.

तोच माणूस पोरांच्या शाळेसाठी मुदखेडला येतो, प्लॉट घेतो, घर बांधतो. तो नगरपरिषदेच्या हद्दीत आला. इथं ग्रामसभा नाही. तिच्याऐवजी काय? खरं सांगायचं तर, गल्लीच्या पातळीवर कायद्यानं फारसं काही नाही.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं शहरांच्या कारभाराला घटनेत जागा दिली. तिच्यात वॉर्ड समित्यांची तरतूद आहे, कलम २४३-एस. पण ती बंधनकारक आहे फक्त तीन लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरांना. २०११ च्या जनगणनेत नांदेड शहर साडेपाच लाखांवर होतं, लातूर पावणेचार लाखांच्या पुढे. म्हणून तिथं प्रभाग समित्या आहेत. मुदखेड त्या रेषेच्या कितीतरी खाली. महापालिकांच्या कायद्यात २००९ मध्ये क्षेत्रसभेचीही तरतूद आली, म्हणजे काही मतदान केंद्रांच्या परिसरातल्या मतदारांची शहरी ग्रामसभाच म्हणा. पण नांदेड, लातूर सोडा, पुण्या-मुंबईतही ती कागदावरच राहिली.

म्हणजे छोट्या गावात गल्लीला स्वतःचं व्यासपीठ स्वतःच उभं करावं लागतं. आणि गंमत अशी की, त्याला कायद्याची आडकाठी अजिबात नाही. हरकत घ्यायला, माहिती मागायला, निवेदन द्यायला समितीची नोंदणी लागत नाही. साधा नागरिक पुरतो. समिती लागते ती वेगळ्या कारणासाठी. एकटा माणूस तारीख विसरतो, दबतो, कंटाळतो. सात जण असले की निदान एकाला तरी आठवण राहते.

पहिला प्रश्न: जागा कुणाची?

मुदखेडची घडणच बघा ना. रेल्वेचं जंक्शन आहे. इथून एक फाटा भोकर-किनवटकडून आदिलाबादला जातो. केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. आजूबाजूच्या शिवारात मोगरा, गुलाब, गलांडा; फुलशेतीसाठी मुदखेडचं नाव नांदेडच्या बाहेरही घेतात. नांदेड वीस-पंचवीस किलोमीटरवर, त्यामुळे नोकरदारही इथं घर बांधतो. एवढ्याशा गावात जमिनीचे मालक मात्र कितीतरी.

रेल्वेची जमीन रेल्वेची. रुळांच्या कडेची नाली तुंबली म्हणून नगरसेवकाच्या घरी मोर्चा नेऊन उपयोग नाही, ती बाब रेल्वेच्या नांदेड विभागाची. मोठा रस्ता बहुतेक वेळा सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा. गायरान आणि सरकारी पड जमीन महसूल खात्याची, म्हणजे तहसीलदार आणि जिल्हाधिकारी. गावातले आतले रस्ते, नाल्या, बाजाराची जागा, शाळेचं मैदान यांतलं पुष्कळसं नगरपरिषदेचं. आणि लेआउटमधली ओपन स्पेस म्हणजे पुन्हा वेगळंच प्रकरण.

आपल्याकडची निम्मी निवेदनं वाया जातात ती इथंच. अर्ज चुकीच्या टेबलावर पडतो. साहेब म्हणतात, 'आमच्या अखत्यारीत येत नाही.' ते खरंच असतं. आणि आपण म्हणतो, कुणी दाद घेत नाही.

म्हणून गल्लीच्या समितीचं पहिलं काम मोर्चा नाही. पहिलं काम एक यादी. आपल्या हद्दीतल्या प्रत्येक सार्वजनिक जागेचा सर्व्हे नंबर किंवा गट नंबर, सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावरचं नाव, आणि नगरपरिषदेच्या विकास योजनेत ती जागा कशासाठी दाखवली आहे. सातबारा ऑनलाइन मिळतो. विकास योजनेचा नकाशा नगरपरिषदेत बघायला मिळतो. एका रविवारी चार जणांनी बसून केलं तर एका गल्लीची यादी दोन पानांत मावते. ही दोन पानं पुढची वीस वर्षं कामाला येतात.

ओपन स्पेस येते कुठून?

आता त्या हिरव्या चौकोनाकडे येऊ. कुणी शेतजमिनीचं प्लॉटिंग करतो तेव्हा त्याला रेखांकन मंजूर करून घ्यावं लागतं, आपण त्याला लेआउट म्हणतो. मुंबई आणि आणखी काही अपवाद सोडले तर राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकच बांधकाम नियमावली आहे, एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. तिच्याप्रमाणे ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या जागेचा लेआउट असेल तर १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते.

हिशेब करून बघा. पाच एकरांचं प्लॉटिंग म्हणजे २०० गुंठे. त्याचे १० टक्के म्हणजे २० गुंठे. अर्धा एकर! तीस बाय चाळीसचे दहा-पंधरा प्लॉट त्यात सहज बसतात. आजच्या भावानं त्याची किंमत तुम्हीच काढा, म्हणजे त्या जागेवर डोळा का असतो हे वेगळं सांगावं लागणार नाही.

ही जागा त्या लेआउटमधल्या सगळ्या रहिवाशांच्या सामाईक वापरासाठी आहे, अशी हमी मूळ मालकाला द्यावी लागते. आणि तुम्ही प्लॉटचे पैसे दिले तेव्हा तुमच्या वाट्याचा रस्ता आणि तुमच्या वाट्याची मोकळी जागा यांचीही किंमत त्यात मोजली आहे, बरं का. ओपन स्पेस कुणी फुकट दिलेली नसते.

मग गोंधळ कुठं होतो? प्लॉट विकले जातात, विकणारा दुसऱ्या गावात प्लॉटिंग सुरू करतो, आणि रस्ते व ओपन स्पेस नगरपरिषदेच्या ताब्यात रीतसर जातच नाहीत. सातबाऱ्यावर जुनंच नाव राहतं. पंधरा वर्षांनी मूळ मालकाचे वारस म्हणतात, ही तर आमच्या बापजाद्यांची जमीन. कागदावर ते खोटं दिसत नाही. आणि नगरपरिषद म्हणते, आमच्याकडे हस्तांतरच नाही, आम्ही कुंपण कसं घालू?

म्हणजे लढाई खड्डे खणल्यावर सुरू होत नाही. ती पंधरा वर्षं आधी सुरू झालेली असते, आणि आपण मैदानात नसतो. समितीनं करायचं ते इतकंच: मंजूर लेआउटची प्रमाणित प्रत काढायची, ओपन स्पेसचा सातबारा बघायचा, आणि नोंद नसेल तर ती करून घेण्यासाठी नगरपरिषदेकडे लेखी मागणी करायची. पोच घ्यायची. सहा महिन्यांनी पुन्हा विचारायचं.

तीस दिवसांची खिडकी

आता दुसरा कागद, आणि हा सगळ्यांत मोठा. विकास योजना. लोक त्याला डीपी म्हणतात. गावात कुठं शाळा, कुठं मैदान, कुठं भाजी मंडई, कुठून अठरा मीटरचा रस्ता जाणार, कुठला भाग रहिवासी, कुठला शेतीचा, हे सगळं त्या नकाशावर ठरतं. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार ती होते, आणि वीस वर्षांतून किमान एकदा तिची सुधारणा करायची असते.

प्रक्रिया अशी. आधी योजना करण्याचा इरादा जाहीर होतो. मग सध्याच्या जमीन वापराचं सर्वेक्षण होतं. मग प्रारूप योजना प्रसिद्ध होते. आणि त्या तारखेपासून तीस दिवसांत कुणीही लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतो. कुणीही म्हणजे कुणीही. त्यासाठी जमिनीचा मालक असावं लागत नाही. भाड्यानं राहणारी बाईसुद्धा लिहून देऊ शकते की आमच्या भागात तीन लेआउट झाले, पण एकही मैदान दाखवलेलं नाही.

हरकत दिलेल्या माणसाला सुनावणीला बोलावतात. नियोजन समितीत नगरपरिषदेचे सदस्य असतात आणि नगररचनेतले जाणकारही. समितीचा अहवाल, मग नगरपरिषद, मग सरकार, अशी ती फाइल वर जाते. एकदा सरकारनं मंजूर केली की बदल अवघड. नंतर फेरबदल करता येतात, कलम ३७ खाली, पण त्यालाही नोटीस काढावी लागते आणि लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात.

होतं काय, ही सूचना राजपत्रात येते, स्थानिक वर्तमानपत्रात येते, नगरपरिषदेच्या फलकावर लागते. वाचतं कोण? ज्याच्या जमिनीवर आरक्षण पडलं तो वाचतो, बरोबर शोधून वाचतो. कारण त्याचं नुकसान आहे. तो वकील लावतो, पंधरा पानांची हरकत देतो. आणि त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. पण ज्या शंभर घरांना त्या मैदानाचा फायदा होणार, त्यांतलं एकही येत नाही. मग सुनावणीच्या टेबलावर एकच बाजू असते. समितीपुढे 'हे मैदान हवं आहे' असं सांगणारा कागदच नसेल तर तिनं कुणाचं ऐकायचं?

हे मला या सगळ्या विषयातलं मर्म वाटतं. जमिनीचे निर्णय गुपचूप होतात असं आपण म्हणतो. पुष्कळदा ते उघडपणे होतात, फक्त आपण त्या तीस दिवसांत हजर नसतो.

आरक्षण मरतं, आणि कुणी कळवत नाही

आता समजा डीपीत तुमच्या गल्लीशेजारी मैदानाचं आरक्षण आहे. झालं, मैदान सुरक्षित? नाही.

आरक्षण खासगी जमिनीवर असतं. नगरपरिषदेनं ती संपादन करायची असते. पण छोट्या नगरपरिषदेकडे पैसा कुठाय? मग वर्षांमागून वर्षं जातात. शेतकऱ्याला ती जमीन ना विकता येते, ना बांधता येते. त्याच्या बाजूनं बघा, हाही अन्यायच आहे. म्हणून कायद्यात कलम १२७ आहे. अंतिम योजना लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जमीन घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून चोवीस महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण संपतं. जमीन मोकळी.

'पावलं' म्हणजे काय, यावर सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स या महाराष्ट्रातल्याच खटल्यात सांगितलं आहे. नुसता ठराव केला, पत्र पाठवलं, एवढ्यानं भागत नाही. प्रत्यक्ष संपादनाकडे नेणारं ठोस पाऊल हवं.

आणि गोम इथं आहे. ही नोटीस येते नगरपरिषदेकडे. गल्लीला कुणी सांगत नाही. चोवीस महिन्यांचं घड्याळ सुरू होतं आणि बंदही होतं, आणि आपण मुलांना सांगत राहतो की इथं मैदान होणार आहे.

उपाय? दरवर्षी एक माहिती अर्ज. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आपल्या राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. प्रश्न एवढाच: अमुक आरक्षण क्रमांकाबाबत कलम १२७ ची नोटीस मिळाली आहे का, असल्यास कोणत्या तारखेला, आणि त्यावर काय कार्यवाही झाली? उत्तर तीस दिवसांत यायला हवं. उत्तर आलं नाही तर प्रथम अपील. नोटीस आली असेल तर अजून वेळ आहे. मोबदला पैशातच द्यावा लागतो असं नाही, मालक तयार असेल तर हस्तांतरणीय विकास हक्काच्या रूपातही देता येतो. त्यासाठी नगरपरिषदेच्या सभेत विषय यावा लागतो, आणि विषय यायला कुणीतरी मागे लागावं लागतं.

सभेत विषय येतो कसा?

नगरपरिषदेचा कारभार १९६५ च्या कायद्यावर चालतो. दोन बाजू लक्षात ठेवा. ठरवणारी बाजू म्हणजे निवडून आलेली परिषद, नगराध्यक्ष आणि नगरसेवक. अंमल करणारी बाजू म्हणजे मुख्याधिकारी, आपले सीओ साहेब. बांधकाम परवानगी, अतिक्रमणाची नोटीस ही अंमलाची बाजू. जागा भाड्यानं द्यायची, नालीसाठी पैसे ठेवायचे, ही ठरवण्याची बाजू, तिला ठराव लागतो.

राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर कित्येक वर्षं प्रशासकच होते, म्हणजे दोन्ही बाजू एकाच टेबलावर. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि निवडून आलेली परिषद परत आली. एका प्रभागात साधारण दोन नगरसेवक असतात. म्हणजे तुमच्या गल्लीला दोन माणसं आहेत ज्यांच्यामार्फत विषय सभेपुढे नेता येतो. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. सभेच्या आधी विषयपत्रिका निघते. समितीतल्या एकानं ती मागून वाचायची सवय लावली तरी निम्मं काम झालं. 'विषय क्रमांक १४: सर्व्हे नंबर अमुक मधील खुली जागा नाममात्र भाड्यानं देणे' ही एक ओळ सभेच्या आधी दिसणं आणि सहा महिन्यांनी सळई दिसणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ठराव चुकीचा झालाच तर? कलम ३०८ प्रमाणे जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. अर्ज नांदेडला द्यायचा, सोबत ठरावाची प्रत, लेआउटची प्रत, सातबारा. इथं पुन्हा ती दोन पानांची यादी कामाला येते.

पैशाचंही तसंच. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, पण अंदाजपत्रक हिवाळ्यात तयार होतं. नालीची मागणी पावसाळ्यात पाणी घरात शिरल्यावर केली तर पैसे पुढच्या वर्षी. दिवाळीच्या आसपास लेखी दिली तर निदान यादीत नाव येतं. पुणे महापालिकेनं २००६ पासून नागरिकांना आपल्या प्रभागातली छोटी कामं अंदाजपत्रकासाठी सुचवण्याची सोय केली. तिथं त्यासाठी छापील अर्ज आहे. आपल्याकडे नसला तरी साधं पत्र द्यायला कुणी अडवलेलं नाही.

आणि एक समिती अशी आहे जिथं रहिवाशांना कायद्यानंच जागा आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यातली नगर पथविक्रेता समिती. ती छोट्या गावांनाही लागू. तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी स्वतः विक्रेत्यांचे, आणि रहिवासी संघटनांनाही प्रतिनिधित्व. स्टेशन रोडला फुलांच्या टोपल्या कुठं बसाव्यात, भाजीवाल्यांनी कुठं, आणि रस्ता किती मोकळा राहावा, हे भांडणानं ठरवायचं नाही, तिथं बसून ठरवायचं आहे. तुमच्या गावात ती स्थापन झाली आहे का, विचारून बघा.

अवघड भाग: आपलीच माणसं

आतापर्यंत सगळं कागदाचं बोललो. आता जे बोलायला जड जातं ते बोलू.

ओपन स्पेसवर दर वेळी बाहेरचा धनदांडगाच येतो असं नाही. पुष्कळदा गल्लीतलीच मंडळी तिथं मंदिर बांधू म्हणतात, दुसऱ्या मोहल्ल्यात दर्ग्याची भिंत पुढे सरकते, कुठं महापुरुषाच्या नावाचा चबुतरा होतो. विरोध केला तर तुम्ही धर्माच्या, समाजाच्या विरोधात ठरता. तोंड उघडायचं कुणी?

सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश इथं माहीत असावा. सार्वजनिक रस्ते, बागा आणि इतर सार्वजनिक जागांवर कोणत्याही धर्माचं नवं अनधिकृत बांधकाम होऊ द्यायचं नाही. कोणत्याही. हा आदेश समितीच्या फायलीत असला की कुणाच्या श्रद्धेवर बोलावं लागत नाही. 'काका, आम्ही नाही म्हणत नाही, पण उद्या नोटीस आली तर देवाची मूर्ती हलवावी लागेल, ते बघवेल का?' एवढं म्हणता येतं. आणि हे खड्डे खणण्याआधी, चहा घेताना म्हणता येतं. नंतर नाही.

दुसरी अडचण याहून खोल. गल्लीत तक्रार करायला कुणी पुढे का येत नाही? कारण पुष्कळांची स्वतःचीच घरं विनापरवाना असतात. गुंठा-दोन गुंठे बाँडवर घेतलेले, लेआउट मंजूर नाही, परवानगी नाही. अर्ज केला तर साहेब म्हणणार, आधी तुमचा परवाना दाखवा. म्हणून सगळे गप्प. ज्याला जागा बळकवायची आहे त्याला ही भीती नेमकी माहीत असते.

यावर मार्ग आहे. २००१ चा गुंठेवारी कायदा अशीच घरं नियमित करण्यासाठी आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना त्याचा लाभ घेता येतो. शुल्क भरावं लागतं, सगळंच नियमित होतं असंही नाही; आरक्षणावरची, नाल्यातली बांधकामं बाहेर राहतात. पण समितीनं दहा-वीस घरांचे अर्ज एकत्र भरून दिले तर खर्चही वाटला जातो आणि भीतीही. ज्या दिवशी आपल्या घराचा कागद नीट होतो, त्या दिवशी ओपन स्पेसबद्दल बोलायला आवाज फुटतो.

आणि तिसरं. समितीत कोण कोण? फक्त प्लॉटमालक, फक्त पुरुष, फक्त एका जातीची मंडळी असतील तर ती समिती गल्लीची नाही, काही घरांची. नालीच्या कडेला झोपडी टाकून राहणारं कुटुंब आणि मैदानावर गाळे काढणारा माणूस, दोघांनाही 'अतिक्रमण' हाच शब्द लावतात. पण एकाला राहायला दुसरी जागा नाही आणि दुसऱ्याला आणखी भाडं हवं आहे. हा फरक समितीनं पाळला नाही तर पहिला बुलडोझर झोपडीवर चालतो आणि गाळे तसेच राहतात. हे आपण सगळ्या शहरांत बघतोय.

गल्ली जिंकते का कधी?

तुम्ही म्हणाल, एवढं करून होतं काय? एक उदाहरण सांगतो, १९९१ चं. बंगळूरच्या राजमहाल विलास विस्तार भागात नकाशावर बागेसाठी ठेवलेली जागा सरकारनं एका खासगी ट्रस्टला रुग्णालय बांधायला दिली. रुग्णालय म्हणजे चांगलंच काम ना? पण तिथले रहिवासी न्यायालयात गेले. प्रश्न आला, यांचा संबंध काय, जमीन यांची थोडीच आहे? सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, बाग ज्यांच्यासाठी आहे त्या रहिवाशांना दाद मागायचा हक्क आहे, आणि बागेसाठी राखलेली जागा अशी खासगी रुग्णालयाला देता येत नाही. बेंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा, असं त्या खटल्याचं नाव. मोकळ्या जागांच्या वादात वकील आजही ते काढतात.

पण लक्षात घ्या, ते जिंकले कारण जागा बागेसाठी आहे हे नकाशावर, कागदावर होतं. कागद नसता तर नुसत्या भावनेला न्यायालय काय करणार?

तेव्हा हा भाग ऐकून काही करायचं असेल तर या महिन्यात तीन गोष्टी करा. एक, सात जण जमवा, त्यात निदान तीन बाया असू द्या आणि एक भाडेकरू. दोन, एक साधी वही करा. प्रत्येक अर्जाची तारीख, कुणाला दिला, पोच क्रमांक, उत्तर कधी आलं. तीन, तुमच्या लेआउटची मंजूर प्रत आणि ओपन स्पेसचा सातबारा काढा. बस. मोर्चा, उपोषण, कोर्ट हे सगळं नंतरचं, आणि बहुतेक वेळा त्याची गरजच पडत नाही. कारण ज्या गल्लीकडे वही आहे, तिथं खड्डे खणायला येणारा माणूस आधी दोनदा विचार करतो.

तुमच्या गावातल्या ओपन स्पेसचं काय झालं, कागद काढायला गेलात तर काय अनुभव आला, जरूर लिहून कळवा. पुढच्या भागात बोलू बांधकाम परवानगीबद्दल: घर बांधताना नेमके कोणते कागद लागतात आणि कोणते उगाच मागितले जातात. तोवर काळजी घ्या. नमस्कार.